भोंग्याची मुकी प्रार्थना

३ मार्च

ही डायरी मुलीनं आणून दिली. म्हणाली, "बाबा, बोलता येत नाही तोवर हिच्याशी बोला." मी मान हलवली. हल्ली मी फार गुणी माणूस झालोय. कुणी काहीही म्हटलं की मान हलवतो.

फळांच्या घाऊक बाजारात मी लिलाव पुकारतो. म्हणजे पुकारत होतो. संत्र्यांच्या पेट्यांवर उभा राहून मी एकदा "बोला" म्हटलं की पार गेटाबाहेरच्या चहावाल्याला कळायचं, बाजार सुरू झाला. बाजारात मला भोंगा म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चर्चमध्येही मी वडीलमंडळात, आणि रविवारच्या उपासनेतली मोठी प्रार्थना माझी. ती पाळकांच्या उपदेशापेक्षा लांबते असं काही लोक म्हणतात. ते सगळे मागच्या बाकावर बसणारे आहेत.

गेल्या महिन्यात घशातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. आता मी गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, "आवाज जाईल, पण जीव राहील." मी म्हटलं, "बघा, मधलं काही जमतंय का." ते हसले नाहीत. भाव करायची सवय नसावी.

दुखणं, भोक, नळी, सगळं मी चालवून घेईन. पण एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. मला प्रार्थना करता येत नाही. जन्मभर मी मोठ्यानं प्रार्थना केली. मनातल्या मनात करणाऱ्यांना मी हसायचो, त्यांची प्रार्थना म्हणजे झोपेची तयारी म्हणायचो. आता माझ्यावर तीच वेळ आली. डोळे मिटून मनात "हे स्वर्गीय पित्या" म्हणतो आणि पुढच्या क्षणी केळ्यांचा ट्रक आला असेल का, हा विचार. परत सुरुवात, परत ट्रक. देवाला माझा आवाज ओळखीचा होता. आता त्याला कसं कळणार की कोण बोलतंय?

८ मार्च

घरी आलो. स्वतःची उशी ती स्वतःची उशी.

दुपारी सूप समोर आलं. वाफाळलेलं. सवयीनं फुंकर मारायला गेलो तर तोंडातून काहीच येईना, गळ्यावरचं फडकं मात्र हललं. फुंकरही गेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं वाटी आपल्याकडे ओढली, फुंकून फुंकून गार केली आणि परत सरकवली. लहान मुलाला द्यावी तशी. मला राग यायला हवा होता. सूप चांगलं होतं, म्हणून आला नाही.

त्याआधी जेवणाची प्रार्थना. आमच्या घरात "आमेन" झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही आणि ती प्रार्थना कायम माझी. आज दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी ती म्हणाली, "मी करू का?" आणि केली. "बापा, जेवण दिलंस. बरं केलंस. आमेन."

एवढीच. तार पाठवल्यासारखी. मी पाटीवर लिहिलं, "आजारी लोक, मंडळी, राज्यकर्ते राहिले." तिनं वाचलं आणि म्हणाली, "त्यांचं त्यांच्या घरी करतील."

माझी बायको कमी बोलते. आमच्या लग्नात नवरीनं होकार दिला की नाही याबद्दल माझ्या मावशीला शेवटपर्यंत शंका होती. पण श्रद्धेचं म्हणाल तर डोंगर आहे. ऑपरेशनच्या दिवशी मुलगी रडत होती आणि ही बाकावर बसून मुलीच्या ओढणीची निघालेली शिवण घालत होती. तिच्या श्रद्धेकडे बघितलं की मला स्वतःची लाज वाटते.

१५ मार्च

पाळक भेटायला आले. सज्जन आणि वयानं लहान. म्हणाले, "देव मनातलंही ऐकतो." मी पाटीवर लिहिलं, "मग तुम्ही माइक कशाला लावता?" ते इतके हसले की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी शब्दाशब्दाला मनातून दुरुस्त्या सुचवत होतो. इथे आवाज चढव, इथे थांब. ते गेल्यावर कळलं की प्रार्थना माझ्यासाठी होती आणि मी ती ऐकलीच नाही.

बायको शिवणकाम करते, लोकांचे कपडे उसवून बेताचे करून देते. सध्या माझ्या गळ्यावर बांधायची फडकी शिवते आहे. भोक झाकलं पाहिजे, धूळ जाता कामा नये, हे खरं. पण पांढरी, निळी, चौकड्याची, माझ्या जुन्या शर्टांची, पडद्याच्या उरलेल्या कापडाची. कपाटाचा एक कप्पा भरला आणि मशीन अजून चालूच आहे. माणसाला गळा एकच असतो असं मी लिहून दाखवलं. ती म्हणाली, "असू देत." बायकांना एकदा कामाची लय सापडली की थांबवत नाही.

२४ मार्च

आज बोलायच्या शिकवणीचा पहिला दिवस. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक बाई शिकवतात. बारीक, चष्मेवाल्या, अतिशय सभ्य. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता घसा विसरा. हवा गिळायची, अन्ननलिकेत थोपवायची आणि लगेच वर आणायची. त्या आवाजाचे शब्द करायचे.

मी लिहिलं, "म्हणजे ढेकर?"

"हो," बाई म्हणाल्या. "ढेकरच. पण शिकलेला."

आणि त्यांनी स्वतः देऊन दाखवला. तोंडावर रुमालही न धरता. मी खुर्चीत सरळ बसलो.

इथेच घोडं पेंड खातं. ढेकर या गोष्टीचा मला जन्मापासून तिटकारा. माझ्या घरात जेवताना कुणी ढेकर दिलेला मी खपवून घेतला नाही. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पोटभर जेवला की खिडक्या हलतील असा ढेकर देतो. एकदा त्याला मी ताटावरून उठवून गॅलरीत पाठवलं होतं, आणि तो ताट घेऊन गेला आणि तिथेही दिला. आता मला बोलायचं असेल तर त्याच मार्गानं बोलायचं. देवाला विनोदबुद्धी आहे हे मी प्रार्थनेत कधी म्हटलं नव्हतं. आता त्याची गरज उरली नाही.

२ एप्रिल

हवा गिळतो, हवा खाली जाते आणि तिथेच संसार थाटते. वर यायचं नाव नाही. पोट नगाऱ्यासारखं झालं आहे. बाई म्हणतात, घाई नको. काहींना आठवड्यात जमतं, काहींना वर्षात, काहींना जमतच नाही. शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं.

जमलं नाही तर? हा प्रश्न मी इथेच लिहितो, पाटीवर लिहिणार नाही. पाटी बायको वाचते. तिनं इतक्या भरवशानं सगळं धरून ठेवलं आहे, तिथे मी तडा कशाला पाडू?

आजची तिची जेवणाची प्रार्थना: "बापा, जेवणाबद्दल आभार. घाबरलेल्यांना धीर दे. आमेन." घाबरलेले म्हणजे शेजारच्या बाई असाव्यात. त्यांच्याकडे उंदीर झालेत.

६ एप्रिल

मेहुण्याला बातमी लागली. संध्याकाळी दारात हजर, हातात सोड्याच्या बाटल्या.

"दाजी," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा काही विचारणार आहात. मी सुट्टी काढून आलोय."

मग त्यानं शिकवणी घेतली. हवा कुठे अडवायची, हनुवटी कशी खाली घ्यायची, खांदे ढिले कसे सोडायचे. बाईंनी जे पुस्तकी भाषेत सांगितलं ते यानं पोटावर हात मारून दाखवलं. बायको दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. ती अशी हसलेली मी या वर्षात पाहिली नव्हती. मग ती भांडी घासायला गेली आणि नळ सोडला. हल्ली ती भांडी घासताना नळ फार वेळ वाहता ठेवते. पाणी वाया जातं. सांगितलं पाहिजे.

निघायच्या वेळी मेहुणा म्हणाला, "एक द्या, दाजी. माझ्या समाधानासाठी." मी हवा घेतली, हनुवटी खाली, खांदे ढिले. आणि आला. छोटा, केविलवाणा, पण माझा स्वतःचा. मेहुण्यानं मला मिठी मारली. भोक झाकलं गेलं म्हणून मी गुदमरलो, ते वेगळं.

१८ एप्रिल

बाजारात परत रुजू. मालकांनी काट्यावर बसवलं. पेटी आली, वजन बघितलं, आकडा खडूनं लिहिला. काम सोपं आहे. पुकारायला आता एक उंच माणूस ठेवलाय. आवाज बरा आहे, पण दम नाही.

वाईट एवढंच वाटलं की मला कुणी भोंगा म्हणेना. कालपर्यंत "ए भोंग्या" म्हणणारे आज "या काका, बसा काका". हमालसुद्धा हळू बोलत होते, जसा काही मी अजून खाटेवरच पडलोय. दुपारी संत्र्यांचे ढीग लागले, फोड सोलून नाकाशी नेली तर वास नाही. नाकातून हवाच जात नाही. जीभ मात्र शाबूत आहे. फोड गोड होती. म्हटलं, चला, जेवढं आहे तेवढं आहे.

घरी येताना बसमध्ये मनातल्या प्रार्थनेचा पुन्हा प्रयत्न केला. "हे प्रभू" आणि लगेच संत्री. पण आज संत्र्याचं निदान आभार मानून टाकलं. प्रार्थना म्हणून ती फार किरकोळ होती.

४ मे, रविवार

आज जे झालं ते लिहिताना पेन थांबतंय.

बाई मला प, ट, क यांचे शब्द देतात. ओठ किंवा जीभ आपटली की हवा आपोआप आत जाते, त्यामुळे असे शब्द आधी जमतात. काका, पाट, टोपी, आणि सगळ्यात सोपा, पाप. आठवडाभर मी घरात पाप पाप करत हिंडतोय. अजून स्पष्ट येत नव्हता, नुसताच फुसका आवाज.

आज उपासनेत कबुलीची वेळ आली. पाळक म्हणाले, "आता प्रत्येकानं शांतपणे आपली पापं देवासमोर मांडावी." सगळं चर्च चिडीचूप. मी डोळे मिटले. मनातलं काही येईना, म्हणून हळूच एकदा सराव करून बघावा म्हटलं. हवा घेतली. आणि त्या शांततेत, देवाशपथ, म्हणजे शपथ घेऊ नये पण काय करू, विहिरीतून बेडकानं ओरडावं तसा माझा पहिला स्पष्ट शब्द निघाला.

"पाप."

समोरच्या ओळीतल्या सगळ्या माना एकदम वर आल्या. मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं. मग मुलं. मग पाळक, जे व्यासपीठाला धरून खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. माझ्या कानशिलांना घाम फुटला. बायकोकडे बघितलं, तर ती हसत नव्हती. तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एवढं काय रडायचं? तिला लाज वाटली असणार.

पाळक सरळ झाले आणि म्हणाले, "इतकी थोडक्यात आणि खरी कबुली या चर्चमध्ये आजवर झाली नसेल. आमेन."

बाहेर पडताना मागच्या बाकावरचा बाजारातला एक अडत्या आला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काय रे भोंग्या." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला जेवायला बोलावलं.

२१ मे

मुलीचा फोन. तो आमचा ठरलेला कार्यक्रम. ती बोलते, मी फोनवर टिचक्या मारतो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आज मी टिचकी मारली नाही. म्हटलं, "ठीक."

 मग ती म्हणाली, "बाबा, पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "अजून एकदा." अशी लिलावाची बोली चढत गेली आणि मी दमेपर्यंत ठीक होतो.

नंतर तिनं आईला फोन द्यायला सांगितलं. मला ऐकू येत होतं. "आई, तू कशी आहेस?" बायको म्हणाली, "मी बरी आहे गं. मला काय झालंय." आणि मशीनवर जाऊन बसली. आणखी एक फडकं.

आता दिवस बरे चाललेत, खोटं कशाला लिहू. काट्यावर बसून माल ओळखायला लागलोय. पूर्वी पुकारण्याच्या नादात फळांकडे बघायचो कुठे? संध्याकाळी गॅलरीत बसतो, मेहुणा येतो, दोघं मिळून सराव करतो, खालचे लोक खिडक्या लावतात. गळ्याला भोक पडलेला माणूस सुखी असू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

फक्त ती एक गोष्ट. रविवारी लोक येऊन म्हणतात, "तुमच्या श्रद्धेला मानलं पाहिजे." मी मान हलवतो. त्यांना काय माहीत, फेब्रुवारीपासून मी देवाशी धड एक वाक्य बोललेलो नाही. रागावलोय असंही नाही. रस्ताच सापडत नाही. अजून दहा-बारा शब्द आले की चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना करायची असं ठरवलंय. तोवर बायकोच्या श्रद्धेवर आमचं घर चाललंय. आज ताटावर ती म्हणाली, "ज्यांना बोलता येत नाही, त्यांचं ऐक." माझ्यासाठी मागते बिचारी. मला भरून आलं.

११ जून

तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी मान चाचपली. एका जागी बोट थांबलं. उचललं, परत तिथेच ठेवलं. म्हणाले, "इथे काहीतरी लागतंय. बहुतेक काही नसेल. पण सुई घालून बघू." सुई घातली. अहवाल सोमवारी.

बायकोनं विचारलं, "असलं तर?" डॉक्टर म्हणाले, "असलं तर असलेलं बघू."

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. मी हातवारे करून सांगितलं की काही नसणार. तिनं मान हलवली. आता ती मान हलवते.

खरं सांगायचं तर मला फार भीती अशी वाटत नाही. आवाज दिला, आता काय मागतोस, असं देवाला विचारावंसं वाटतं. विचारायला तोंड नाही, ही त्याची सोय.

१४ जून

हे सगळं नीट लिहून ठेवायचंय.

जेवायला बसलो. उकडलेली अंडी, पाव, टोमॅटोचं सूप. मी डोळे मिटले आणि तिच्या तारेची वाट बघत राहिलो. काहीच येईना. डोळे उघडले. ती हात जोडून बसली होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं घास लागला, पण घास तर अजून घेतलाच नव्हता.

मग ती म्हणाली, "मला नाही येत."

मी खूण केली, काय?

"प्रार्थना," ती म्हणाली. "मला नाही करता येत. तुमचा आवाज गेला त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेली नाही. एक शब्द नाही. ताटावर म्हणते ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून. तुमचा धीर सुटू नये म्हणून. तुम्ही एवढे विश्वासाचे, गळा कापला तरी हसताय, पाप म्हणून सगळ्या चर्चला हसवताय. मला वाटायचं, माझ्यामुळे तुम्हाला कशाला ठेच. मी नळ सोडून रडते. आता सोमवारी काय निघेल मला माहीत नाही आणि माझ्याकडे म्हणायला काही उरलेलं नाही."

इतकं एका दमात ती आमच्या अख्ख्या संसारात बोललेली नाही.

घाबरलेल्यांना धीर दे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांचं ऐक. घरात आम्ही दोघंच, आणि मी शेजारच्या बाईंच्या उंदरांचा विचार करत होतो. कपाट भरून फडकी, आणि मी कामाची लय म्हणत होतो. देवाचं सोडा, मी याच टेबलाशी बसलेल्या बाईचंही कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आवाजापुढे तिला जागा कुठे होती?

मी पाटी ओढली. लिहिलं, "मलाही येत नाही. फेब्रुवारीपासून."

तिनं चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. "तुम्हाला?" ती म्हणाली. मी मान हलवली. "मग आत्तापर्यंत कोण करत होतं?"

 कुणीच करत नव्हतं. तरी सूप येत होतं, मेहुणा येत होता, संत्री गोड लागत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर उभे होतो, जो भरवसा दोघांकडेही नव्हता. मग इतके दिवस आम्हाला धरून ठेवलं होतं कुणी? हा विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा केळी नाहीत, ट्रक नाही, काही नाही. मी नुसता बसून होतो आणि देव तिथे होता. यापेक्षा नीट मला लिहिता येत नाही.

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. रविवारसाठी जमवलेले मोठमोठे शब्द आठवले, एकही उपयोगाचा नव्हता. हवा घेतली.

"बापा."

परत हवा.

"दमलो."

तिनं वर बघितलं. मी बोट आधी तिच्याकडे केलं, मग माझ्याकडे. परत हवा घेतली. ही नीट बसेना, दोनदा निसटली. ती थांबून राहिली.

"धर."

पुढे काही सुचलं नाही. ती म्हणाली, "झालं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "आमेन," आणि डोळे पुसून तिनं पावाचा मोठा तुकडा तोडला. मग जेवता जेवता तिनं मला सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासूनचं. मग त्याच्याही आधीचं. मी ऐकत होतो. काही ठिकाणी मी चांगला दिसत नव्हतो, तरी ऐकत होतो.

१६ जून, हॉस्पिटलमध्ये

बाकावर बसून लिहितोय. समोर डॉक्टरांचं दार, त्याच्यावर दिवा. माझ्यासारखे गळ्याला फडकी बांधलेले आणखी दोघेतिघे आहेत, पण चौकड्याचं फडकं माझ्या एकट्याचंच. एकानं कुठे मिळालं म्हणून खुणेनं विचारलं. बायकोनं पिशवीतून एक काढून त्याला दिलं. मग दुसऱ्यालाही.

सकाळी निघताना जिन्यात ती थांबली होती. म्हणाली, "इथेच करा." मी इकडेतिकडे बघितलं, सकाळची वेळ, लोकांची ये-जा. ती म्हणाली, "मोठ्यानं करा." मी केली. परवाचेच तीन शब्द. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी वाकून विचारलं, "अपचन का?" तर माझी बायको, जी कधी कुणाला उलट बोलली नाही, म्हणाली, "नाही, प्रार्थना." आणि तरातरा जिना उतरली.

आता ती माझ्या डाव्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आहे. तोंड किंचित उघडं, बारीक घोरणंसुद्धा. चारचौघांत अशी झोपलेली मी तिला कधी पाहिली नाही. उजव्या हातानं लिहितोय म्हणून जमतंय.

मघाशी दार उघडून सिस्टरनं आमचा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. आवाज चांगला आहे तिचा, लिलावाला चालेल. आत टेबलावर अहवाल आहे आणि त्यात जे काही आहे ते आधीच छापून झालेलं आहे. आता पळून तो बदलणार नाही. मी हवा घेतली.

"थांबा."

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. सिस्टरही दचकली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं. मग पुढचा नंबर घेते आधी."

ती उठली की जाऊ.